बर्फ नको, गरम पाणी: माशाचा काटा लागला तर काय करायचं



मागच्या हंगामात, बंदी लागायला पंधरा दिवस उरले असताना, आपल्या एका सभासदाच्या ट्रॉलरवर मासळी निवडताना एका खलाशाच्या तळहातात शिंगाळ्याचा काटा घुसला. मधल्या बोटाच्या मुळाशी. पोरगा ओडिशाचा, बावीस-तेवीस वर्षांचा, दुसराच हंगाम. कळ अशी उठली की तो जागीच खाली बसला. मग आपण सगळेच जे करतो ते झालं. एकानं काटा उपटला, दुसऱ्यानं बर्फ आणून हात त्यात दाबला, तिसऱ्यानं जखमेवर डिझेल लावलं आणि वर चिंधी घट्ट बांधली. दोन गोळ्या दिल्या. तीन दिवसांनी बोट जेटीला लागली तेव्हा हात पावासारखा फुगला होता. ऑपरेशन झालं, हात वाचला, पण ते बोट आजही पूर्ण मिटत नाही. दोरी ओढताना पकड सुटते.

यात कोणाला दोष द्यायचा नाही. त्या बोटीवर आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं. पण नंतर संस्थेत यावर बोलणं झालं. आपल्याच एका सभासदाची मुलगी नर्स आहे. तिनं या विषयावर परदेशात झालेल्या अभ्यासांचे लेख शोधून दोन संध्याकाळ बसून आम्हाला समजावून सांगितले. त्यातलं आपल्या कामाचं ते इथं मांडतोय. लांब आहे, पण तांडेल आणि बोट मालकांनी तरी शेवटपर्यंत वाचावं. घरात मासळी साफ करणाऱ्या बायकांनीही वाचावं. कारण शिंगाळा (सांगट) मेला तरी त्याचा काटा मरत नाही. पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंच्या परांचे दोन, असे तीन काटे ताठ उभे अडकून राहतात आणि त्यांच्या सालीतलं विष मासा मेल्यावरही काम करतं. जेटीवर टोपलीत हात घालताना काटा लागलेल्या किती जणी आपल्याला माहीत आहेत!

आधी मुद्द्याची गोष्ट. शिंगाळा असो की पाकट (आपल्यातले काही वागळें म्हणतात), काट्याच्या विषाची कळ उतरवायला आज सर्वात जास्त आधार असलेला पहिला उपचार म्हणजे गरम पाणी. जखमेचा हात किंवा पाय ४५ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, ३० ते ९० मिनिटं. कळ गेली की बाहेर काढायचा, परत आली की परत घालायचा. औषध नाही, इंजेक्शन नाही. बोटीवर भात शिजवायला शेगडी असतेच, म्हणजे सोय आधीपासून आहे. फक्त आपला हात सवयीनं बर्फाकडे जातो, कारण बर्फ समोर असतो.

हे नुसतं ऐकीव नाही. अमेरिकेत सॅन डिएगोच्या डॉक्टरांनी आठ वर्षांतल्या पाकटाच्या ११९ रुग्णांचे कागद तपासून २००७ साली निष्कर्ष छापले. ज्यांना पहिला उपचार म्हणून फक्त गरम पाणी दिलं, त्यांच्यापैकी ८८ टक्के लोकांची कळ दुसरं काही न देता आटोक्यात आली. आता हे जुने कागद चाळून काढलेलं आहे, दोन गट करून तुलना केलेली नाही, हे लक्षात ठेवायचं. नर्सताईनं ते आम्हाला दोनदा बजावलं.

तुलना झाली ती ऑस्ट्रेलियात, आणि ती माशावर नाही, ब्लूबॉटलवर. निळी फुग्यासारखी, खाली लांब दोरे, पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही वाहून येते ती. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर ब्लूबॉटल लागलेल्या ९६ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला ४५ अंशांचं गरम पाणी, दुसऱ्याला बर्फाची पिशवी. वीस मिनिटांनी गरम पाण्याच्या गटात ८७ टक्के लोकांनी दुखणं कमी झालं म्हणून सांगितलं, बर्फाच्या गटात ३३ टक्क्यांनी. फरक इतका मोठा दिसला की अर्ध्यावरच अभ्यास थांबवला. २००६ साली हे छापून आलं.

म्हणजे सगळ्याला गरम पाणी? नाही. त्याच अभ्यासातले एक संशोधक, जेफ्री इस्बिस्टर, यांच्या गटानं पुढे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला बॉक्स जेलीफिश लागलेल्या ४२ रुग्णांवर हीच तुलना केली. तिथं गरम पाणी बर्फापेक्षा सरस ठरलं नाही. २०१७ साली त्यांनी ते तसंच छापलं. आम्हाला ही गोष्ट आवडली. आपलाच उपाय, आपणच दुसऱ्या प्राण्यावर तपासला, चालला नाही तर चालला नाही म्हणून सांगितलं. आपल्याकडे एखाद्याचा लेप एकदा लागू पडला की तो गुडघेदुखीपासून सापापर्यंत सगळ्याला चालतो.

गरम पाण्यानं कळ का उतरते, यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे या विषांमध्ये प्रथिनं असतात आणि उष्णतेनं ती बिघडतात, अंडं उकडल्यावर बदलतं तसं. कॅलिफोर्नियात फिंडले रसेल यांनी १९५० च्या दशकात पाकटाच्या विषावर काम केलं तेव्हापासून हे सांगितलं जातं. दुसरं मत असं की कातडीवर ४५ अंश लावले म्हणून आत खोल गेलेलं विष तेवढं तापत नाही. तेव्हा उष्णतेची जाणीव मज्जातंतूंच्या वाटेवर कळेची वाट अडवत असावी. खरं कदाचित दोन्हीत थोडं थोडं असेल.

मात्र गरम पाणी कळ उतरवतं, जखम बरी करत नाही. ब्राझीलमधले डॉ. विदाल हद्दाद यांनी मच्छीमारांच्या अशा जखमांवर अनेक वर्षं काम केलंय. नदीतल्या पाकटांच्या ८४ रुग्णांचा त्यांच्या गटाचा अभ्यास २००४ साली आला. त्यात गरम पाण्यानं सुरुवातीचं दुखणं उतरलं, पण कातडी काळी पडून सडणं थांबलं नाही. आपल्या पोराच्या बाबतीत हेच समजायला हवं होतं. त्याला त्या दिवशी गरम पाणी मिळालं असतं तर रात्र निभावली असती, पण बोट मात्र जखमेची निगा राखूनच वाचलं असतं. निगेचं पुढे सांगतो. त्याआधी पाण्याचं नीट समजून घेऊ, कारण चुकलं तर काट्याच्या जखमेवर भाजल्याची जखम.

१९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या दोघांनी किती अंशांवर कातडी किती वेळात भाजते हे मोजलं होतं. ४५ अंशांवर साधारण तीन तास लागतात. ४९ वर नऊ-दहा मिनिटं. ६० वर पाच सेकंद. चार अंश वाढले तर तीन तासांचे दहा मिनिटं होतात! म्हणून "जेवढं कडकडीत तेवढं चांगलं" हे इथं चालत नाही.

मोजमाप सोपं ठेवा. एक तांब्या उकळतं पाणी आणि चार तांबे साधं पाणी बादलीत मिसळलं की ४३ अंशांच्या आसपास येतं. इथून सुरुवात करा. कमी वाटलं तर थोडं थोडं उकळतं घाला, पण आधी हात-पाय बादलीबाहेर काढून, मगच घाला, ढवळा आणि तपासा. तपासायचं दुसऱ्या माणसानं, आपल्या कोपरानं. काटा लागलेल्या माणसाला तपासायला लावू नका. कळ इतकी असते की त्याला भाजतंय हे कळत नाही. त्याचा चांगला हातही सोबत पाण्यात ठेवायला सांगा, म्हणजे जास्त झालं तर तो हात सांगेल. मधुमेहाचा माणूस असेल तर दुप्पट जपा, कारण त्याच्या पायाला भाजल्याचं कळतच नाही. दवाखान्यात बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यानंतर गरम पाण्यात घालू नका. बादलीतलं पाणी पाच-दहा मिनिटांत निवतं, तेव्हा एक माणूस शेजारी बसलाच पाहिजे.

काहीजण इंजिनाच्या कूलिंगचं पाणी वापरतात. ते किती गरम आहे हे कोणालाच माहीत नसतं आणि त्यात तेलही असतं. शेगडीवर पाणी तापेपर्यंत दुसरं काहीच नसेल तर ते तपासून वापरा, पण मग जखम नंतर दुप्पट धुवा.

आता जेलीफिशबद्दल थोडक्यात. दोरे हातानं चोळू नका, कापडानं किंवा काठीनं उचला. मूत, लिंबू, केरोसीन, चुना, विडीची राख, यातलं काही लावू नका. व्हिनेगरबद्दल संशोधकांतच वाद आहे. ऑस्ट्रेलियातल्या सूचना ब्लूबॉटलला व्हिनेगर लावू नका म्हणतात, तर २०१७ साली हवाई विद्यापीठाच्या गटानं प्रयोगशाळेत तपासून लावा म्हणून सांगितलं. ब्लूबॉटलला गरम पाणी द्यावं, यावर मात्र दोघंही एक आहेत. छातीत दुखणं, श्वास लागणं, उलट्या, भोवळ यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

पाकटाची नांगी छातीत, पोटात किंवा मानेत घुसली तर ती उपटायची नाही. आत रक्ताची नळी फाटलेली असेल तर तीच नांगी बूच बनून बसलेली असते. आजूबाजूला कापडाचे गोळे लावून ती हलणार नाही असं बांधा आणि किनाऱ्याकडे निघा. २००६ साली ऑस्ट्रेलियात टीव्हीवरचे प्रसिद्ध स्टीव्ह आयर्विन पाकटाची नांगी छातीत लागूनच गेले. दर्यात असाल तर व्हीएचएफवर चॅनल १६ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ नंबर, जेटीवर पोहोचलात की १०८. आणि रापणकार बंधूंनो, उथळ पाण्यात पाय उचलून टाकत चालू नका, घसटत चाला. पाकट वाळूत लपलेला असतो. पायाचा धक्का लागला तर पळतो, वरून पाय पडला तर शेपूट मारतो.

समुद्रसापाचं पूर्ण वेगळं. ट्रॉलरच्या जाळ्यात तो येतोच. तो चावला तर बऱ्याचदा दुखतही नाही, म्हणून माणूस कामाला लागतो. अर्ध्या तासानं किंवा काही तासांनी अंग ठणकायला लागतं, पापण्या जड होतात, लघवी चहासारखी होते. इथं गरम पाण्याचा काही उपयोग नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता बांधा, माणसाला पडवून ठेवा आणि बोट वळवा. आपल्याकडे मिळणारं सापाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेलं आहे, समुद्रसापासाठी नाही. त्यामुळे श्वासाचं यंत्र आणि डायलिसिस असलेलं मोठं हॉस्पिटलच हवं, म्हणजे आपल्यासाठी बांबोळी. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही.

आता जखमेची निगा. नर्सताईचा सगळा जोर यावर होता आणि आम्हाला वाटतं आपण सर्वात जास्त इथंच कमी पडतो.

शिंगाळ्याच्या काट्याला उलटे दात असतात, करवतीसारखे. उपटताना टोक मोडून आत राहतं आणि वरून कळतही नाही. तेव्हा कळ उतरल्यावर साबण आणि पिण्याच्या स्वच्छ पाण्यानं जखम भरपूर धुवा, दहा मिनिटं तरी. डिझेल नको, हळद नको, तंबाखू नको. घट्ट बांधू नका, कोरडं स्वच्छ कापड सैल गुंडाळा. हात छातीच्या वर धरून ठेवायचा, खाली लोंबकळत ठेवला तर सूज वाढते. किनाऱ्यावर आल्यावर एक्स-रे काढून घ्या. मोडलेला तुकडा बऱ्याचदा त्यात दिसतो. खोल जखम लगेच शिवून बंद करू नये, असंच डॉक्टर साधारण सांगतात, कारण घाण आत कोंडते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर अशा जखमेला परत घ्यायचं. बोट मालकांनी खलाशांच्या कागदांत याची तारीख लिहून ठेवली तर फार बरं. बाहेरून येणाऱ्या पोरांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हे: "समुद्राच्या पाण्यात माशाचा काटा लागला." नुसतं "हाताला लागलं" म्हणू नका. समुद्राच्या पाण्यातले जंतू वेगळे असतात आणि कापल्या-खरचटल्यावर नेहमी देतात त्या गोळ्या त्यांतल्या काहींवर चालत नाहीत. व्हिब्रिओ नावाचा जंतू तर काही तासांत पसरतो. लिव्हर खराब झालेल्यांना, रोज दारू घेणाऱ्यांना आणि मधुमेहवाल्यांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. लाली तासातासाला वर सरकत असेल, फोड येत असतील, ताप भरला असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. लालीच्या कडेनं पेननं रेघ ओढा आणि बाजूला वेळ लिहा. दवाखान्यातल्या नर्सही हेच करतात. रेघेबाहेर लाली गेली की दाखवायला पुरावा तयार.

उलट एक जंतू फार सावकाश येतो. जखम भरून गेली, आपण विसरलो, आणि दोन ते चार आठवड्यांनी तिथं गाठ उठते. दुखत फारसं नाही, पण जात नाही, कधी हातावर वर एकामागून एक गाठी येतात. याला मायकोबॅक्टेरियम मॅरिनम म्हणतात, क्षयाच्या जंतूचा लांबचा भाऊ. औषध आहे, पण काही महिने घ्यावं लागतं. बहुतेक वेळा हे उशिरा ओळखलं जातं, कारण माणूस डॉक्टरला माशाचं सांगतच नाही. महिन्याभरापूर्वी काटा लागला होता हे कोण सांगणार?

आता त्या पोराच्या बोटाकडे येऊ. बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायूबंध, एका नळीतून जातात. काटा तळहाताच्या बाजूनं त्या नळीत शिरला की आत पू कोंडतो आणि दोरी आतल्या आत खराब होते. शंभर वर्षांपूर्वी शिकागोचे सर्जन ॲलन कॅनाव्हेल यांनी याची चार चिन्हं सांगितली, आजही जगभर तीच शिकवतात. बोट सगळीकडून सारखं सुजतं. ते थोडं वाकवलेलंच राहतं. तळहाताच्या बाजूनं बोटाच्या पूर्ण लांबीवर दाबलं की दुखतं. आणि दुसऱ्यानं ते बोट हळूच सरळ करायला घेतलं की माणूस ओरडतो. ही चिन्हं दिसली तर तो हात त्याच दिवशी सर्जनच्या समोर पाहिजे. आपल्या पोराला दुसऱ्या दिवशी सकाळीच ही चारही होती, असं बरोबरचे आता सांगतात. तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तांडेलानं बोट वळवली असती, एक फेरी बुडाली असती. डिझेलचा खर्च मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण हाताच्या ऑपरेशनचा, तीन महिने बसून राहिलेल्या माणसाचा आणि अर्ध्या पकडीचा हिशोब मांडला तर फेरी स्वस्त पडते.

जखम भरल्यावर दुसरी चूक होते. घरी आलेला माणूस हात कपड्यात गुंडाळून महिनाभर जपतो. बोट न हलवल्यानं आत चिकटतं आणि मग कायमचं आखडतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवसापासून हालचाल सुरू करायची. मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची. मग फक्त पुढची दोन पेरं वाकवून आकड्यासारखी बोटं करायची. मग बोटं सरळ ठेवून मुळातून वाकवायची, सपाट छपरासारखी. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. आधी कोमट पाण्यात हात धरला तर सोपं जातं. थोडं दुखणार, ते चालतं. पण व्यायामानंतर सूज वाढून दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली तर जास्त झालं, कमी करा. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात फिजिओथेरपी विभाग असतो. आपल्या माणसांना तिथं एक-दोनदाच जाऊन सोडायची सवय आहे. त्या पोरानंही तेच केलं, कारण गावी जायची गाडी होती.

गोळ्यांचंही सांगायला हवं. उन्हात, घाम गाळून, पाणी कमी पिऊन डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांवर गोळ्या घेतल्या तर किडनीवर ताण येतो. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या चालू असतील तर जास्तच. कळ असह्य असेल तर दवाखान्यात त्या भागाची नस बधिर करून देतात, तो उपाय मागून घ्या.

१ ऑगस्टला बोटी सुटायच्या आधी प्रत्येक बोटीवर या वस्तू चढवा: एक स्वच्छ बादली जी मासळीला वापरायची नाही, पाणी तापवायचं भांडं, साबण, निर्जंतुक पट्ट्या, जाड रबरी हातमोजे, काटे कापायला पक्कड आणि एक थर्मामीटर. ताप मोजायचा थर्मामीटर घेऊ नका, तो ४२ अंशांच्या आसपास संपतो. स्वयंपाकाचा, शंभरपर्यंत दाखवणारा घ्या. ज्यांना मिळत नाही त्यांनी संस्थेच्या कार्यालयात नाव द्यावं, एकदम मागवू. नर्सताई जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जेटीवर येऊन बादलीत पाणी मिसळून दाखवायला तयार आहे. प्रत्येक बोटीवरून तांडेल आणि एक खलाशी असे दोघं तरी यावेत. खलाशी बाहेरचा असेल तर हिंदीत सांगू.